बालपणीचे आघात आणि विद्यापीठातील आपली मुले

शाळेच्या स्मरणिकेत यशाच्या नोंदी असतात, आणि त्या असायलाच हव्यात. कोण डॉक्टर झाला, कोण अभियंता झाली, कोणी परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवला, हे वाचताना पालकांचा ऊर भरून येतो. तथापि याच शाळांतून चांगल्या गुणांनी बाहेर पडलेली काही मुले नागपूर, पुणे, मुंबई गाठतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात शिक्षण अर्धवट टाकून गुपचूप गावी परततात. त्यांची नोंद कोणत्याही स्मरणिकेत होत नाही. प्रस्तुत लेख त्या मुलांविषयी आहे.

मूल परतले की गावात त्याची कारणे सांगितली जातात. इंग्रजी झेपले नाही, पैसा पुरला नाही, संगत बिघडली. ही कारणे पुष्कळदा खरी असतात. परंतु त्यांच्याखाली आणखी एक कारण दडलेले असते, आणि त्याविषयी आपल्या समाजात क्वचितच बोलले जाते. बालपणी सोसलेल्या दुःखाचा परिणाम वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी, घर व शाळा या दोन्हींचा आधार सुटल्यावर, उफाळून येऊ शकतो. हा परिणाम म्हणजे आळस नव्हे आणि तो नालायकपणाही नव्हे. तो समजून घेता येतो व त्यावर उपायही करता येतात.

आघात म्हणजे काय?

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. फेलिटी स्थूलपणावरील उपचारांचे केंद्र चालवीत. वजन उत्तम रीतीने कमी होत असतानाच काही रुग्ण उपचार का सोडून देतात, याचा शोध घेताना त्यांच्या लक्षात आले की, यांतील अनेकांच्या बालपणी अत्याचार घडलेले आहेत. त्यानंतर दोन टप्प्यांत सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारण्यात आले. मारहाण, सतत होणारा अपमान, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, घरातील व्यसन, आईला होणारी मारहाण, आईवडिलांची ताटातूट, घरातील कोणाचा मानसिक आजार किंवा तुरुंगवास, असे ते प्रश्न होते. निष्कर्ष स्पष्ट होता. असे अनुभव जितके अधिक, तितका पुढील आयुष्यात नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न आणि हृदयविकारासारखे शारीरिक आजार यांचा धोका अधिक. या अनुभवांना ‘बालपणातील प्रतिकूल अनुभव’ असे नाव मिळाले.

हे कसे घडते? धोका दिसताच शरीर सावध होते. हृदयाची गती वाढते, रक्तात ताणाची संप्रेरके सोडली जातात, आणि माणूस पळण्यास किंवा झुंजण्यास सज्ज होतो. धोका टळला की शरीर पूर्ववत होते. परंतु ज्या घरात दारू पिऊन येणाऱ्या बापाच्या पावलांची चाहूल रोज रात्री घ्यावी लागते, तेथे मुलाचे शरीर सदैव सावधच राहते. झोप, एकाग्रता, स्मरणशक्ती आणि रागावरील ताबा या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. पुढे धोका उरला नाही तरी ही सवय लगेच जात नाही. वर्गात प्राध्यापकांनी आवाज चढवताच ज्याचे डोके बधिर होते, त्या मुलाला विषय कळत नाही असे आपण समजतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट अशी की, हे संशोधन समूहाविषयी बोलते. एखाद्या मुलाने अनेक आघात सोसले म्हणजे त्याचे आयुष्य वाया जाणार, असा त्याचा अर्थ नाही. या गणनेवरून एकेका व्यक्तीचे भविष्य ठरवू नये, असा इशारा अँडा यांनीच पुढे दिला आहे. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. मूळ यादीतील दहा प्रकार घराच्या चार भिंतींआडचे आहेत. दारिद्र्य त्यात नाही, आणि जातही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे तयार केलेल्या प्रश्नावलीत समवयस्कांकडून होणारा छळ आणि वस्तीतील हिंसा यांचा समावेश झाला. तरीही वर्गात आडनाव विचारून घडवलेला अपमान कोणत्या रकान्यात लिहायचा, हा प्रश्न आपल्या मुलांपुढे उरतोच.

आपल्या जिल्ह्यातील बालपण

वर्धा जिल्ह्यातील वाचकांना प्रतिकूल बालपण म्हणजे काय हे अमेरिकेतून शिकण्याची गरज नाही. २००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम यांच्यासोबत त्यात आपला वर्धा जिल्हा होता. त्या काळी सिंचनाच्या विहिरी, व्याजमाफी, बियाणे यांची चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. मात्र ज्या घरातील कर्ता माणूस गेला, त्या घरातील सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न मागे पडला. त्या वर्षांतील ती मुले पुढे महाविद्यालयांत गेली. कित्येकांच्या बाबतीत वडिलांच्या मृत्यूविषयी घरात त्यांच्याशी कोणी कधी बोललेच नाही. ‘बाबा आजाराने गेले’ एवढेच त्यांना सांगण्यात आले, आणि खरे काय ते गावातील इतर मुलांनी सांगितले.

आपला जिल्हा दारूबंदीचा आहे. तरीही दारू कोणत्या घरात येते आणि तिची किंमत कोण मोजते, हे आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत प्रत्येक गावातील बाई सांगू शकेल. कापूस वेचणीच्या हंगामात शाळा बुडवणारी मुले, आईवडील मजुरीसाठी बाहेरगावी गेल्याने आजीकडे राहिलेली मुले, बापाने टाकलेल्या बाईची मुले, अशा अनेकांना निवासी शाळेचा आसरा लाभतो. येथे वेळेवर जेवण मिळते, रात्री शांत झोप लागते, आणि नावाने हाक मारणारे शिक्षक असतात. मूल सावरते. त्याचे गुण वाढतात. सारे ठीक झाले असे वाटते, आणि बऱ्याच अंशी ते ठीक झालेलेही असते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक मुलांनी शारीरिक मारहाणीचा अनुभव सांगितला, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराचा. त्यात मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कमी नव्हती. हा विषय ‘आपल्यात तसे काही नसते’ म्हणून बाजूला सारता येणार नाही.

विद्यापीठात गेल्यावरच का?

मानसिक विकारांपैकी सुमारे निम्मे विकार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांश विकार चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू होतात, असे रोनाल्ड केस्लर यांच्या २००५ सालच्या संशोधनातून पुढे आले. महाविद्यालयाची वर्षे नेमकी याच काळात येतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ८ देशांतील १९ महाविद्यालयांच्या सुमारे चौदा हजार नवागत विद्यार्थ्यांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी ३५ टक्के विद्यार्थ्यांना आयुष्यात केव्हा तरी एखाद्या सामान्य मानसिक विकाराचा त्रास झाल्याचे आढळले. म्हणजे विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारात येतो तेव्हाच त्याच्यासोबत बरेच काही आलेले असते.

आपल्या मुलांच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते. निवासी शाळेत दिवस घंटेवर चालतो. मूल जेवायला आले नाही तर कोणाच्या तरी ते ध्यानात येते. शहरातील खोलीत दोन दिवस उपाशी राहिले तरी कोणी विचारीत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, खाणावळीचे पैसे थकतात, आणि घरी सांगावे तर आई आधीच कर्जात आहे. घराण्यातील पहिलाच पदवीधर होऊ घातलेला हा मुलगा दिवाळीला गावी येतो तेव्हा सारे त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. ‘माझे तिथे मन लागत नाही’ हे वाक्य त्याच्या ओठांवर येते आणि तिथेच थांबते.

अशा वेळी दिसणारी चिन्हे पालकांनी ओळखून ठेवावीत. फोन उचलणे बंद होते किंवा बोलणे एका-दोन शब्दांवर येते. दिवसा झोप, रात्री जागरण. वर्गाला जाणे सुटते, परीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. पूर्वी शांत असलेला मुलगा चिडका होतो. डोके दुखते, पोट दुखते, तपासणीत काही निघत नाही. व्यसन लागते. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’, ‘मी नसतो तर बरे’ अशी वाक्ये तोंडात येऊ लागतात. हे शेवटचे चिन्ह दिसले, तर त्याच दिवशी त्याच्याजवळ पोहोचावे आणि त्याला एकटे ठेवू नये. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते.

बाबासाहेबांचे बालपण आणि एक वाक्य

खचलेल्या मुलाला आपल्या समाजात एक वाक्य हमखास ऐकावे लागते : ‘बाबासाहेबांनी किती सोसले! तुला काय कमी आहे?’ बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की, आपण बाबासाहेबांच्याही नजरेतून उतरलो. त्यानंतर तो बोलत नाही. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांस वाटते की, या वाक्यात बाबासाहेबांचे चरित्र अर्धेच वाचलेले आहे. ते पूर्ण वाचले पाहिजे.

भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना आई भीमाबाई वारल्या. शाळेत त्यांना स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. सुमारे १९०१ साली, नऊ वर्षांच्या वयात, ते भाऊ व भाच्यांसह साताऱ्याहून कोरेगावी वडिलांकडे निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर मुले महार आहेत हे कळले आणि गाडीवान गाडी हाकायला तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली. शिदोरी जवळ होती, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत लिहिली, तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. तीन दशकांहून अधिक काळानंतरही त्या रात्रीचा एकेक तपशील त्यांना आठवत होता. बालपणीचा आघात किती खोलवर राहतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

त्याच टिपणांत बडोद्याचा प्रसंग आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला १९१७ साली पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढले. त्या वेळी आपण रडलो, हे बाबासाहेबांनी लपवलेले नाही. ज्यांना आपण धैर्याचा मेरुमणी मानतो, त्यांनी आपल्या दुःखाची गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. दुःख सांगणे म्हणजे दुबळेपणा असता, तर ती टिपणे लिहिलीच गेली नसती.

आता चरित्राची दुसरी बाजू पाहू. आई गेल्यावर आत्या मीराबाईंनी भीमरावांना सांभाळले. वडील रामजी सुभेदार पहाटे उठवून त्यांचा अभ्यास घेत, आणि पुस्तकांसाठी प्रसंगी विवाहित मुलींकडून पैसे किंवा दागिना उसना आणीत. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली, आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याचे नाव पोहोचवले. महाराजांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. म्हणजे बाबासाहेबांनी सोसले हे खरे, पण आयुष्याच्या प्रत्येक वळणावर कोणीतरी त्यांच्या पाठीशी उभे होते, हेही तितकेच खरे आहे.

आणि हाती सामर्थ्य आल्यावर त्यांनी काय केले? ‘मी सोसले, तुम्हीही सोसा’ असे ते म्हणाले नाहीत. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि १९२५ च्या आरंभीच सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. मसूरच्या वाटेवर पाण्यासाठी तळमळलेल्या मुलाने मोठेपणी इतर मुलांसाठी छप्पर आणि अन्न उभे केले. आपली निवासी शाळा त्याच परंपरेतील आहे. त्यामुळे बाबासाहेबांचे नाव घेऊन दुखावलेल्या मुलाला गप्प बसवणे त्यांच्या कार्याशी विसंगत आहे.

विज्ञानही याच निष्कर्षाला येते. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचा आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले सक्षम, कर्तबगार प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यातील एक समान दुवा असा की, आईवडील नसले तरी आजी, मावशी, शिक्षक किंवा शेजारी, असे एक तरी भरवशाचे मोठे माणूस त्यांना लाभले होते.

विद्यापीठाची जबाबदारी

बालपणाविषयी बोलताना एक धोका संभवतो. मुलाच्या घरावर सारे ढकलून महाविद्यालये हात झटकू शकतात. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याचा १७ जानेवारी २०१६ रोजी मृत्यू झाला. त्याच्या अखेरच्या पत्रात बालपणीच्या एकाकीपणाचा उल्लेख होता. त्याच वेळी त्याला वसतिगृहातून काढलेले होते आणि त्याची फेलोशिपची रक्कम थकलेली होती. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. बालपणीची जखम एखाद्याला हळवे करते, परंतु त्या जखमेवर घाव घालणारी संस्था त्यामुळे निर्दोष ठरत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी हिचा मृत्यू झाला. त्यानंतर राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. आपल्या पाल्याच्या महाविद्यालयात समुपदेशक आहे का, समान संधी कक्ष खरोखर चालतो का, शिष्यवृत्ती थकल्यास परीक्षेपासून अडवले जाते का, हे प्रश्न प्रवेश घेतानाच विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

आपल्या हाती काय आहे?

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी मानसिक आरोग्याविषयी बोलायला सुरुवात केली. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी सुमारे ४ टक्के होते, ते दीड वर्षात सुमारे २७ टक्क्यांवर गेले. आपल्या शेजारच्या, कापसाच्याच मुलखात हे घडले आहे. आपल्याकडील माणसे मनाचे बोलत नाहीत, ही समजूत त्यामुळे खोटी ठरते. त्यांना विचारणारे कोणी मिळाले की ती बोलतात.

पालकांना आमची विनंती आहे की, फोनवर गुणांआधी जेवणाची चौकशी करावी, आणि ‘मन लागत नाही’ हे शब्द कानी पडले तर उपदेश न करता ऐकून घ्यावे. घरात झालेला मृत्यू, व्यसन, मारहाण यांविषयी मुलाने विचारले तर त्याला खरे सांगावे. डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते. अंगारा-धुपारा आणि देवऋषी यांत गेलेले महिने परत मिळत नाहीत.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेक जण आज नागपूर, पुणे, मुंबई, नाशिक येथे स्थिरावलेले आहात. शाळेला आपण देणग्या देता, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु बारावीनंतर शहरात येणाऱ्या एका मुलाचे किंवा मुलीचे एका वर्षासाठी पालकत्व घेणे हे त्याहून मोठे दान ठरेल. महिन्यातून दोनदा फोन, एखाद्या रविवारी घरी जेवण, शिष्यवृत्ती येईपर्यंत खाणावळीच्या पैशांची सोय, आणि ‘मलाही पहिल्या वर्षी रडू येत असे’ असे प्रांजळपणे सांगणे. याला विशेष प्रशिक्षण लागत नाही. मूल फार खचलेले दिसले तर त्याला तज्ज्ञाकडे घेऊन जाणे, एवढे मात्र ध्यानी ठेवावे.

शाळेपुढेही एक सूचना ठेवावीशी वाटते. दरवर्षी शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, तो कोणत्या शहरात कोणत्या महाविद्यालयात गेला आणि तेथे कोणता माजी विद्यार्थी त्याची काळजी घेणार, याची एक वही ठेवावी. जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी या महिन्यांत प्रत्येकाशी बोलून तारीख नोंदवावी. शिक्षण सोडून परतलेल्या मुलाचेही नाव त्या वहीतून खोडू नये. त्याला शाळेत बोलवावे, त्याचे ऐकून घ्यावे, आणि पुन्हा प्रवेश घेण्यास मदत करावी. येत्या जूनमध्ये या वहीचे पहिले पान लिहिले जावे. माजी विद्यार्थ्यांनी आपले नाव, शहर आणि दूरध्वनी क्रमांक शाळेच्या कार्यालयात त्याआधी नोंदवावा, ही नम्र विनंती.

जय भीम!